चौथा आणि पाचवा मजला: २२ मिनिटांच्या एका भागाच्या लेखन नोंदी

३ जून: चौकट

काम: एका नव्या मालिकेचा एक भाग, कल्पनेपासून शूटिंग ड्राफ्टपर्यंत. स्लॉट अर्ध्या तासाचा आहे. जाहिराती वजा जाता हाती उरतात साधारण २२ मिनिटं. शीर्षकाचे २० सेकंदही त्यातच बसवायचे.

वाटणी: टीझर (शीर्षकाआधीचा तुकडा) २ मिनिटं, पहिला अंक साडेसहा, दुसरा साडेसहा, तिसरा सहा, शेवटचा टॅग (अंकांनंतरचा छोटा सीन) १. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, पण सुरुवातीलाच भिंतीवर लावून ठेवायचे. नवशिक्यांचा पहिला अंक हमखास दहा मिनिटांचा होतो, कारण पात्रांची ओळख 'एकदाची उरकून घेऊ' असं वाटतं. मग तिसऱ्या अंकाला तीन मिनिटं उरतात आणि सगळा निकाल एका भाषणात लावावा लागतो.

निर्मितीच्या मर्यादा लिहिण्याआधीच ठरवल्या: तीन मुख्य सेट, दोन लहान जागा, बोलणारी सहा पात्रं, गर्दी नाही, पाऊस नाही, रात्रीचं बाहेरचं शूटिंग नाही. ही बंधनं नंतर कळली तर अर्धी पटकथा फेकावी लागते. आधी कळली तर ती गोष्ट सुचवायलाच मदत करतात.

५ जून: मालिकेचं इंजिन

विषय: लिफ्टची देखभाल करणारी लहान कंपनी. आई नलिनी अहवालांवर सही करते, मुलगी रेवा प्रत्यक्ष लिफ्टच्या विहिरीत उतरते. भास्कर हा जुना मदतनीस.

पहिली वनलाइन (मालिकेची एका वाक्यातली कल्पना) अशी होती: 'बुडत चाललेला व्यवसाय वाचवण्यासाठी आई-मुलगी धडपडतात.' ही सिनेमाची वनलाइन झाली. व्यवसाय वाचला की गोष्ट संपली, आणि वाचत नाही तोवर प्रत्येक भाग एकाच जागी घुटमळणार. मालिकेला रोज नव्याने पेटणारा वाद लागतो. बदललेली वनलाइन: 'किती धोका चालेल यावर सही करणारी आणि धोक्यात उतरणारी यांचं कधीच एकमत होत नाही, प्रत्येक कॉल तो वाद पुन्हा उघडतो.'

तपासणीची पद्धत सोपी आहे. एकेका ओळीत दहा भाग लिहायचे. पाचव्या भागापासून अपहरण, स्मृतिभ्रंश किंवा हरवलेला जुळा भाऊ यायला लागला, तर इंजिनात तेल नाही असं समजायचं.

६ जून: बायबल

मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रांची टिपणवही, सहा पानांत आटोपलं. प्रत्येक पात्राला तीन ओळी: काय हवं आहे, ते मिळवण्याची चुकीची रीत कोणती, आणि कोणती गोष्ट ते कधीही मोठ्याने बोलणार नाही. तिसरी ओळ सर्वात उपयोगाची, कारण संवाद तिच्या अवतीभवती फिरतात. पात्राचा आवडता रंग, रास, शाळा वगैरे लिहिलं नाही. कॅमेऱ्यासमोर त्याचा काही उपयोग नसतो.

९ जून: अभ्यास, आणि त्यामुळे बदललेला कळसाध्याय

भागाची पहिली कल्पना: लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकते, दोर तुटायच्या बेतात असतो. तांत्रिक माहिती गोळा केल्यावर ही कल्पना तिथेच मोडीत काढली. दोरावर चालणाऱ्या प्रवासी लिफ्टला एकच दोर नसतो, अनेक असतात. शिवाय केबिन मर्यादेबाहेर वेगाने खाली येऊ लागली तर गव्हर्नर (वेगावर नजर ठेवणारं यंत्र) सेफ्टी गिअरला, म्हणजे केबिनच्या आपत्कालीन पकडीला, खेचतो आणि केबिन मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडून थांबते. 'दोर तुटतोय' हे दृश्य लिफ्टमधलं काही कळणारा प्रत्येक प्रेक्षक हसून सोडून देईल.

खरी माहिती जास्त कामाची निघाली:

लिफ्ट अडकण्याचं नेहमीचं कारण दाराच्या लॉकचा संपर्क. तो तुटला की सुरक्षा सर्किट उघडतं, मोटर बंद पडते आणि स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागतो. वीज असते तेव्हा ब्रेक उघडा धरला जातो; वीज गेली की तो आपोआप बसतो.

दुसरी गोष्ट प्रतिवजनाची, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या वजनाची. ते रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं: केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. म्हणजे आठ माणसांच्या लिफ्टमध्ये दोघंच असतील आणि हाताने ब्रेक सोडला, तर केबिन खाली येत नाही, वर सरकते.

या एका वाक्याने भागाचा शेवट मिळाला. आत अडकलेला सुहास चौथ्या मजल्यावर घरविक्रीच्या कागदांवर सही करायला आलाय. पाचव्यावर त्याची बहीण सुनंदा राहते. तिला टाळण्यासाठी तो वर्षानुवर्षं या इमारतीत फिरकलेला नाही. 'मला खालीच उतरवा' असा त्याचा हट्ट, आणि केबिन वर जाणार. योगायोग लागत नाही, भौतिकशास्त्रच त्याला पाचव्यावर नेतं.

तिसरी माहिती ताणासाठी: जुन्या लिफ्टमधला सेफ्टी गिअर खाली जाणाऱ्या केबिनलाच पकडतो. ब्रेकचं लायनिंग (घर्षणाची पट्टी) झिजलेलं असेल तर हलकी केबिन वरच्या दिशेने वेग घेईल, आणि तो आवरायला फक्त तोच झिजलेला ब्रेक.

१२ जून: कार्डं

तीन धागे, तीन रंगांची कार्डं.

ए (पिवळी, ९ कार्डं): सुहास आणि इमारत समितीचे अध्यक्ष देवधर आत अडकतात, सुटका.
बी (निळी, ५): रेवाला मशीन रूममध्ये कळतं की झिजल्याचं तिने कळवलेलं लायनिंग बदललंच नाही, मात्र रजिस्टरमध्ये 'बदललं' लिहून खाली आईची सही आहे.
सी (पांढरी, ३): कुणीतरी उसनी नेलेली शिडी भास्कर शोधतोय.

सी धागा विनोदासाठी आला. तो भागात टिकला, कारण तिसऱ्या अंकात पाचव्या मजल्यावर हीच शिडी लागते. केबिन मजल्याच्या थोडी वर जाऊन थांबली आहे, दार बाहेरून उघडलंय, सुहासला खाली उतरायचंय. आणि शिडी सुनंदाच्याच दारात उभी आहे. धागा कितीही लहान असला तरी तो मुख्य धाग्याला एकदा तरी धक्का देऊन जायला हवा. नाहीतर जिथे सेकंद कमी पडतील तिथे सर्वात आधी त्याचाच बळी जातो, आणि जायलाच हवा.

ब्रेक पॉइंट, म्हणजे जाहिरातीआधी अंक जिथे तुटतो ती जागा: पहिल्या अंकाचा शेवट आधी 'केबिनमधला दिवा जातो' असा होता. काढला. जाहिरातीनंतर दिवा येतो आणि काहीच बदललेलं नसतं, हा खोटा हुक. चांगल्या ब्रेकला परिस्थिती मागे फिरत नाही. आता पहिल्या अंकाचा शेवट: रेवा सांगते, 'केबिन वर जाईल.' सुहास ओरडतो, 'वर नको.' दुसऱ्या अंकाचा शेवट: रेवा आईला रजिस्टर उघडायला सांगते.

१६ जून: स्टेप आउटलाइन (सीनवार आराखडा)

१६ सीन. केबिन ५, मशीन रूम ४, कंपनीचं ऑफिस ४, पाचवा मजला २, चौथ्याची लॉबी १. प्रत्येक सीनसाठी चार ओळी: कोणाला काय हवंय, आड कोण येतं, शेवटी काय बदललं, किती सेकंद.

तिसरी ओळ रिकामी राहिली तर तो सीन नव्हे, ती माहिती. ती शेजारच्या सीनमध्ये ढकलायची. लॉबीतला सीन असाच होता: शेजारी जमतात, चर्चा करतात, सगळं आपल्याला आधीच माहीत असतं. त्यात सुनंदाला आत कोण अडकलंय हे कळतं आणि ती मुकाट्याने वर निघून जाते, एवढं घातलं. आता सीन ४० सेकंदांचा आहे आणि त्याच्याशिवाय शेवट उभा राहत नाही.

दोन सीनच्या मध्ये 'आणि मग' येत असेल तर साखळी सैल आहे. 'म्हणून' किंवा 'पण' यायला हवं. कार्डांच्या मध्ये हे शब्द प्रत्यक्ष चिकटवून बघावेत. बालिश वाटतं, पण सैल सांधा लगेच दिसतो.

१९ जून: फॉरमॅट आणि देवनागरीची अडचण

पाठ्यपुस्तकातला नियम: एक पान म्हणजे एक मिनिट. हा नियम रोमन कुरिअर फॉन्टच्या १२ पॉइंट आकारावर उभा आहे: इंचाला १० अक्षरं, इंचाला ६ ओळी, पानावर साधारण ५५ ओळी, डावा समास दीड इंच, संवाद कागदाच्या कडेपासून अडीच इंचांवर. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असल्यामुळे पानावरचा मजकूर मोजता येतो. देवनागरी फॉन्टची अक्षरं कमी-जास्त रुंद, मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींमधलं अंतर जास्त. त्यामुळे तो नियम इथे आंधळेपणाने लावायचा नाही. (त्याच नियमाला रोमनमध्येही अपवाद आहेत: प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांवर होणाऱ्या विनोदी मालिकांची पानं दुहेरी अंतराने टाइप होतात, तिथे पान साधारण अर्ध्या मिनिटाचं धरतात.)

आपलं माप आपणच काढायचं. फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर आणि समास एकदा ठरवून कुलूप लावायचं. संवादाचे आणि कृतीचे सीन मिसळलेली सलग सहा पानं घड्याळ लावून वाचायची. समजा आठ मिनिटं लागली, तर पानाला ८० सेकंद. २२ मिनिटांना साडेसोळा पानं. मध्येच कुणी फॉन्ट बदलला की माप रद्द.

साधन म्हणून फाउंटन हा पटकथा लिहिण्याचा फॉरमॅट वापरतोय: साध्या मजकुराची फाइल, कुठल्याही संगणकावर उघडते. पण फाउंटन पात्राचं नाव ओळखतं ते रोमन मोठ्या अक्षरांवरून, आणि देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. म्हणून खुणा हाताने द्याव्या लागतात: पात्राच्या नावाआधी @, सीन हेडिंगआधी एक टिंब (पुढे जागा न सोडता), ट्रान्झिशनआधी (सीन बदलण्याची सूचना) >. असं:

.आत. मशीन रूम – दिवस

@रेवा
(फोनवर)
मार्च काढ.

@ विसरलं तर नाव आणि संवाद दोन्ही कृतीच्या परिच्छेदात जमा होतात आणि सॉफ्टवेअरच्या अहवालात पात्राचे संवाद कमी दिसतात. 'रेवा' आणि 'रेवाताई' अशी दोन रूपं वापरली तर सॉफ्टवेअर दोन पात्रं मोजतं. दुसरा सापळा डोळ्यांना दिसत नाही: 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एक 'अ'वर चंद्र देऊन. पडद्यावर सारखेच दिसतात, शोधताना वेगळे ठरतात. लोकेशनच्या किंवा पात्राच्या नावात हे अक्षर असेल तर पहिल्याच दिवशी एक रूप ठरवावं.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये फाइल स्वीकारायची नाही. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की पानभर निरर्थक चिन्हं उरतात.

२४ जून: सीन ९, जवळून

दुसऱ्या अंकाच्या शेवटापासून तिसऱ्यात जाणारा हा फोन. पहिला मसुदा:

रेवा: आई, तीन महिन्यांपूर्वी मी तुला सांगितलं होतं की या लिफ्टचं ब्रेक लायनिंग झिजलंय आणि तू ते बदलून घेणार होतीस.
नलिनी: मला माहीत आहे रेवा, पण समितीने पैसे दिले नाहीत आणि आपल्याला हे कंत्राट टिकवायचं होतं.
रेवा: म्हणजे तू खोटी सही केलीस?
नलिनी: मी हे सगळं तुझ्यासाठीच केलं.

दोघींनाही जे ठाऊक आहे ते त्या एकमेकींना ऐकवतायत. ऐकणारा खरा प्रेक्षक, आणि ते उघडं पडतं. आरोप, खुलासा, निकाल, क्षमायाचना असं सगळं चार ओळींत उरकलं. तिसऱ्या अंकाला बोलायला काही उरलं नाही. शिवाय खाली दोन माणसं अडकलेली आहेत हे दोघीही विसरल्या.

दुरुस्त मसुदा. आधी कृती: टॉर्चच्या उजेडात ब्रेकची पट्टी दिसते, रिव्हेटची डोकी उघडी पडेपर्यंत झिजलेली. ऑफिसमध्ये नलिनीच्या समोर लाल रजिस्टर, बंद.

रेवा: आई, लाल रजिस्टर समोर आहे का?
नलिनी: माणसं आत आहेत अजून?
रेवा: मार्च काढ. बारा तारीख.
नलिनी रजिस्टरला हात लावत नाही.
रेवा: वाच.
नलिनी: 'ब्रेक लायनिंग बदललं.'
रेवा: माझ्यासमोर जुनंच आहे.
शांतता.
नलिनी: लिव्हर हळू सोड. एकदम नको.

पान न उघडता नलिनी ओळ म्हणून दाखवते, इथेच सगळं कळतं. शेवटची ओळ कामाची सूचना आहे आणि कबुलीही, पण 'कबुली' हा शब्द कुठेच नाही. कंत्राट, पैसे, 'तुझ्यासाठी केलं' हे टॅगसाठी आणि पुढच्या भागांसाठी राखलं.

मोजमापाचा मुद्दा: शब्द कमी झाले, पण सीन लांबला. थांबे, नजर, बंद रजिस्टर यांना सेकंद लागतात. फक्त पानं मोजणारा लेखक इथे फसतो.

कंसातल्या सूचना ('रागाने', 'दुःखाने') काढल्या. ओळीचा अर्थ कंसाशिवाय उलटा लागत असेल तरच कंस. 'शांतता' मात्र ठेवली. ती नसेल तर संकलनात दोन ओळी चिकटतात.

३० जून: रीडिंग

सगळी पात्रं वाटून मोठ्याने वाचन; कृतीच्या ओळी वाचायला वेगळा माणूस. अंकागणिक वेळ टिपली, सीनच्या कडेला पेन्सिलने.

कृतीच्या ओळी वाचणारा नेहमी पळतो. 'रेवा ब्रेक थोडा सोडते, केबिन हातभर सरकते, ती पुन्हा लावते' हे वाचायला पाच सेकंद. पडद्यावर हे तीनदा करायचं तर मिनिटाजवळ जातं. हाताने सुटका करताना मुख्य स्विच बंद करणं, दारं लागलेली आहेत का हे आतल्यांना विचारणं, मग टप्प्याटप्प्याने ब्रेक सोडणं असा क्रम असतो. तो उभं राहून, हातवारे करून, घड्याळ लावून बघितला आणि तीच वेळ धरली.

तिसरा अंक लांबला. कापण्याचा क्रम असा ठेवावा: आधी प्रत्येक सीनची पहिली आणि शेवटची ओळ (नमस्कार-चमत्कार आणि निरोप), मग दुसऱ्यांदा सांगितलेली माहिती, मग दोनपैकी एक विनोद. ज्या ओळीवर पुढचं काही उभं आहे तिला हात नाही. पहिल्या अंकात देवधर कुरकुरतात, 'दोघांसाठी आठ माणसांची लिफ्ट!' ही ओळ पहिल्या वाचनात निरुपयोगी वाटते. तीच काढली तर केबिन वर का गेली हे तिसऱ्या अंकात रेवाला भाषण देऊन समजवावं लागेल.

जीभ अडखळते ती ओळ नटाचा दोष मानायचा नाही. लागोपाठ तीन जोडाक्षरी शब्द, किंवा क्रियापद इतकं दूर की तिथे पोचेतो श्वास संपतो. ओळ मोडायची.

३ जुलै: नोट्स

आलेल्या सूचनांपैकी दोन परस्परविरोधी: 'नलिनी फार कठोर वाटते' आणि 'नलिनी लवकर मवाळ होते.' दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात. दुसऱ्या अंकात ती काय करतेय हे दिसतच नाही, म्हणून प्रत्येकाने आपापला अंदाज बांधला. उपाय: ऑफिसच्या सीनमध्ये ती फोन ठेवून स्वतः हत्यारांची पेटी उचलते आणि निघते. एक कृती, दोन्ही नोट्स मिटल्या. सूचनेत सुचवलेला उपाय नेहमी घ्यायलाच हवा असं नाही. तक्रार मात्र नेहमी खरी धरायची.

८ जुलै: शूटिंग ड्राफ्ट

सीन क्रमांक लॉक. यापुढे सीन काढला तरी क्रमांक पुढे-मागे सरकत नाहीत: 'सीन ७ – वगळला' असं लिहायचं, नवा सीन आला तर '९ए'. पानांचंही तसंच: १३ आणि १४ यांच्या मध्ये वाढलेलं पान '१३ए'. वेळापत्रक, कपडेपट, कला विभाग सगळे याच क्रमांकांवर चालतात. एक क्रमांक सरकला की भलत्याच सीनचं सामान सेटवर येतं.

बदललेली पानं रंगाने ओळखायची. रूढ क्रम: पांढरा, निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा. बदललेल्या ओळीच्या उजव्या कडेला तारा. पूर्ण संहिता पुन्हा वाटू नये. बदललेली पानंच द्यावीत.

प्रत्येक सीनची लांबी पानाच्या आठव्या भागांत: सीन ९ म्हणजे १ पान ३/८. दिवसाला किती उरकेल याचा अंदाज सहाय्यक दिग्दर्शक यावरूनच बांधतो. इथे देवनागरी मापाची आठवण द्यावी लागते, कारण समोरचा पानाला मिनिट धरूनच चालणार. पहिल्या पानावर ठळक ओळ: 'या संहितेत एक पान = ८० सेकंद.'

केबिनचे पाचही सीन सलग शूट होतील, कथेच्या क्रमाने नव्हे. म्हणून प्रत्येक हेडिंगखाली कथेतली वेळ टाकली: अडकल्यापासून ४ मिनिटं, १९ मिनिटं, ४० मिनिटं. सुहासच्या शर्टावरचा घाम, देवधरांच्या फोनची बॅटरी, कागदांची घडी, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

कला विभागासाठी वेगळं पान: लाल रजिस्टरच्या १२ मार्चच्या नोंदीचा पूर्ण मजकूर, वरच्या-खालच्या दोन नोंदी, नलिनीची सही. कॅमेरा जवळ गेला की प्रेक्षक पान थांबवून वाचतात, तेव्हा कच्चा मजकूर चालत नाही. रीटेकसाठी त्या पानाच्या तीन सारख्या प्रती. सहीखाली दोन ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या आहेत. चौथ्या भागात रेवा तिथे लिहिणार आहे.